डोक्याला मार लागलेलं मूल पुन्हा शाळेत जातं तेव्हा

टाके निघाले आणि केस वाढले की लोकांच्या लेखी मूल बरं झालेलं असतं. हाताला प्लास्टर असेल तर वर्गातली चार मुलं दप्तर उचलायला धावतात. डोक्याच्या आतल्या दुखापतीला प्लास्टर नसतं, त्यामुळे तिथे दप्तर मुलालाच उचलावं लागतं आणि वर 'दिसतेय की आता छान' हेही ऐकून घ्यावं लागतं.

माझी लेक सातवीत असताना मामाच्या स्कूटरवरून गतिरोधकावर मागच्या मागे पडली. हेल्मेट नव्हतं. २६ दिवस दवाखान्यात होती, त्यातले ९ आयसीयूत. आज ती अकरावीला आहे. मधल्या चार वर्षांत शाळा, सिव्हिल हॉस्पिटल, पंचायत समिती आणि बोर्ड एवढ्या ठिकाणी मी चकरा मारल्या. कोणी आधी सांगितलं असतं तर निम्म्या तरी वाचल्या असत्या, म्हणून हे लिहितेय. मी डॉक्टर नाही, शिवणकाम करते. औषधपाण्याचं डॉक्टरांनाच विचारा. शाळेचं मात्र डॉक्टर बघत नाहीत, ते आपल्यालाच बघावं लागतं.

१. दवाखाना सोडण्याआधी हे विचारून घ्या

घरी जायच्या घाईत आपण बिल आणि गोळ्या एवढंच बघतो. डिस्चार्ज कार्ड तिथेच बसून वाचा. त्यावर 'ग्लासगो कोमा स्केल' किंवा नुसतं 'जीसीएस' असं लिहून ३ ते १५ मधला एक आकडा असतो. मूल दवाखान्यात आलं तेव्हा कितपत शुद्धीवर होतं, हे त्यावरून कळतं. १३ ते १५ म्हणजे सौम्य, ९ ते १२ मध्यम, ८ किंवा खाली गंभीर. माझ्या लेकीचा ९ होता. पुढे प्रत्येक कचेरीत हा आकडा विचारतात, म्हणून तो कार्डावर आलाय ना ते बघा. मूल शाळेत कसं करेल याचा अंदाज मात्र त्या आकड्यावरून बांधू नका.

डॉक्टरांना एवढं विचाराच: मार मेंदूच्या कुठल्या भागाला आहे? फिटची गोळी किती महिने? सायकल, पोहणं, झाडावर चढणं कधीपासून? कवटीचं हाड काढून ठेवलं असेल तर ते परत कधी बसवणार, आणि तोवर शाळेत टोपी कसली घालायची? (काही मुलांचं हे हाड पोटाच्या कातडीखाली जपून ठेवलेलं असतं. वर्गशिक्षकांना हे माहीत असलंच पाहिजे, कारण त्या जागी डोक्याला नुसतं कातड्याचं झाकण असतं.)

आणि शाळेसाठी चिठ्ठी मागा. इथे पहिली फसगत होते. आमच्या चिठ्ठीवर 'फिट फॉर स्कूल' एवढेच तीन शब्द होते. शाळेतल्या क्लार्कने ती वाचून विचारलं, "म्हणजे हिला शाळेत फिट येते का?" त्याला हसून काय उपयोग? चिठ्ठी मराठीत लिहून मागा आणि त्यात 'शाळेची वेळ हळूहळू वाढवावी', 'खेळ आणि पी.टी. पुढच्या तपासणीपर्यंत बंद' ही वाक्यं येऊ द्या.

२. 'किरकोळ मार' असेल तरी

मूल बेशुद्ध झालं नाही, सीटी स्कॅन स्वच्छ आला, म्हणजे काही झालं नाही असं नसतं. मेंदूला हादरा बसला असेल तर तो स्कॅनमध्ये दिसत नाही. पहिले एक-दोन दिवस घरी आराम, टीव्ही-मोबाइल कमीत कमी. मग हळूहळू हालचाल आणि अभ्यास. पूर्वी अंधाऱ्या खोलीत आठवडाभर झोपवून ठेवत, तसं आता सांगत नाहीत. शाळा आधी, खेळ नंतर, हा क्रम मोडू नका. पूर्ण दिवस शाळा विनात्रास जमायला लागली की मगच, डॉक्टरांना विचारून, मैदान. पहिला मार भरून आला नसताना डोक्याला दुसरा मार बसणं फार धोक्याचं असतं.

वारंवार उलट्या, वाढत जाणारी डोकेदुखी, जागं करूनही न जाणारी गुंगी, फिट, बोबडं बोलणं किंवा दोन डोळ्यांच्या बाहुल्या लहानमोठ्या दिसणं, यातलं काहीही दिसलं तर सकाळची वाट न बघता दवाखाना गाठा.

३. आधी घरी शाळा भरवा

आम्ही हे केलं नाही. लेक हट्टाला पेटली होती, मैत्रिणी रोज फोन करत होत्या, मलाही दुकान उघडायचं होतं. सरळ पूर्ण दिवसाला पाठवली. चौथ्या तासाला तिने बाकावर डोकं ठेवलं, पाचव्याला उलटी, मग रडू थांबेना. त्यानंतर दोन आठवडे शाळेचं नाव काढलं की अंगावर यायची.

तुम्ही असं करा. शाळेत पाठवण्याआधी दहा-बारा दिवस घरी स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसवा. मुद्दाम तिथेच, कारण वर्गात शांतता नसते. कुकरची शिट्टी, मिक्सर, दारावरचा भाजीवाला असं सगळं चालू असू दे. पुस्तक द्या आणि घड्याळ बघा. किती मिनिटांनी डोळे चोळते, चिडते, एकच ओळ पुन्हा वाचते? रोज वहीत लिहा. आमचा आकडा सुरुवातीला १२ मिनिटं होता. त्या १२ मिनिटांनी मला जेवढं शिकवलं तेवढं कुठल्या रिपोर्टने शिकवलं नाही, कारण शाळेतला एक तास ३५ मिनिटांचा असतो. आता हिशेब तुम्हीच करा.

हा थकवा आळस नव्हे. आपल्याला जे आपोआप जमतं, म्हणजे पंख्याचा आवाज बाजूला सारणं, फळ्यावरचं वाचता वाचता लिहिणं, त्या प्रत्येक गोष्टीला या मुलांना जोर लावावा लागतो. दुपारपर्यंत तो संपतो. थकवा महिनोन्‌महिने हटत नसेल तर डॉक्टरांना हॉर्मोनच्या तपासणीबद्दलही विचारा. डोक्याच्या मारानंतर पिट्युटरी ग्रंथीचं काम बिघडू शकतं.

४. शाळेला फाइल नको, एक पान द्या

या लेखातलं एकच काही करायचं ठरवलंत तर हे करा. मी पहिल्या भेटीत ४० पानांची फाइल दिली होती. मुख्याध्यापकांनी आदराने कपाटात ठेवली. वर्षभराने मी परत मागितली तेव्हा तिच्यावर माझीच गाठ होती. चूक त्यांची नव्हती. 'लेफ्ट फ्रंटोटेम्पोरल कन्ट्यूजन' वाचून गणिताच्या बाईंनी उद्या वर्गात नेमकं काय करायचं?

म्हणून एकच पान, वर्गाच्या भाषेत. आमचं असं होतं:

"डोक्याला मार लागल्यामुळे हिला पुढील अडचणी आहेत.
ऐकलेलं समजतं, पण उत्तर यायला वेळ लागतो. प्रश्न विचारून मनात दहापर्यंत मोजा.
एका वेळी एकच सूचना सांगा. 'पुस्तक काढा, पान ४२ उघडा, तिसरा प्रश्न लिहा' यातलं पहिलंच लक्षात राहतं.
फळ्यावरून उतरवताना ओळी गाळते. फळ्याचा फोटो किंवा मैत्रिणीची वही चालेल का?
साधारण १५ मिनिटांनी थकते. डोळे चोळायला लागली की पाच मिनिटं डोकं टेकू द्या, रागावू नका.
मोठा आवाज सहन होत नाही.
उजव्या हाताने लिहिताना सावकाश लिहिते.
डोक्याला कोणीही, गमतीनेसुद्धा, टपली मारू नये.
फिट आल्यास काय करायचं ते मागच्या बाजूला लिहिलं आहे. माझा नंबर: …"

टपलीची ओळ वाचून एक सर हसले होते. पण आपल्याकडे टपली हा जवळपास शिक्षणाचा भाग आहे. बाई मारतात, सर मारतात, मागच्या बाकावरचा मित्र तर मारतोच. ती ओळ काढू नका.

पानाच्या झेरॉक्स जितके शिक्षक तितक्या काढा. एक प्रत मुख्याध्यापकांच्या नावे अर्जाला जोडून आवक क्रमांक घ्या. पुढे बोर्डाच्या सवलती मागताना 'शाळेला कळवलं होतं' याचा तोच पुरावा होतो.

५. कोणाकोणाला सांगायचं

वर्गशिक्षिकेला सांगितलं म्हणजे शाळेला कळलं असं धरून चालू नका. आमच्या वर्गबाई सोन्यासारख्या होत्या, पण शास्त्राच्या सरांपर्यंत काहीच पोचलं नव्हतं. पहिल्याच दिवशी त्यांनी तिला उभं करून व्याख्या विचारली. विषयशिक्षक, पी.टी.चे सर, शिपाईमामा, रिक्षावाले काका, सगळ्यांना सांगा. बदली कोणी शिक्षक आला तरी पान वर्गात सापडलं पाहिजे. आमचं हजेरीपटाच्या पुठ्ठ्याला आतून चिकटवलेलं होतं.

तुमच्या तालुक्याच्या पंचायत समितीत गट साधन केंद्र असतं. समग्र शिक्षा योजनेतले समावेशित शिक्षणाचे विषयतज्ज्ञ आणि विशेष शिक्षक तिथे भेटतात आणि शाळांना भेटीही देतात. मला हे कळायला दीड वर्ष लागलं, तेही दुकानात ब्लाउज शिवायला आलेल्या एका अंगणवाडी ताईंकडून. त्या विशेष शिक्षिकांना डोक्याच्या दुखापतीचं मूल आधी कधी भेटलं नव्हतं. गतिमंद आणि कर्णबधिर मुलांचा अनुभव होता. पण त्या शाळेत येऊन बसल्या की शिक्षक ऐकतात, हा मोठाच फायदा.

आणि गणवेशाचं आधी बोलून घ्या. आमच्या शाळेत मुलींना दोन वेण्या, लाल रिबिनी सक्तीच्या. लेकीचे अर्ध्या डोक्याचे केस बोटभर होते. फाटकावरच अडवलं. स्कार्फ बांधायची परवानगी लेखी घेतली असती तर ते रडणं वाचलं असतं.

६. वेळ कशी वाढवायची

सुरुवात रोज दोन तासांनी, तेही सकाळचे. पहिल्या दिवसांत परिपाठाला उन्हात उभं करू नका. प्रार्थना, बातम्या, पंचांग, सुविचार आणि माइकचा आवाज यातच निम्मी ताकद जाते. परिपाठ झाल्यावर नेऊन सोडा. आठवडाभर ते निभलं, घरी आल्यावर संध्याकाळ बरी गेली, तर मधल्या सुट्टीपर्यंत वाढवा. मग अर्धा दिवस, मग आठवड्यातून दोन दिवस पूर्ण. आम्हाला पूर्ण आठवड्यापर्यंत यायला चार महिने लागले. त्रास वाढला तर एक पायरी खाली या. शिकवणी या काळात पूर्ण बंद. 'बुडालेला अभ्यास भरून काढू' म्हणून शाळा अधिक शिकवणी लावणारे पालक मी बघितलेत, मीही एक महिना त्यातलीच होते.

हजेरीची काळजी असेल तर वैद्यकीय कागद वेळच्या वेळी शाळेत देत जा. वर्षाअखेरी एकदम दिलेल्या गठ्ठ्याकडे कोणी बघत नाही.

७. वर्गात काय करता येतं: बाई आणि सरांसाठी

ही मुलं 'मतिमंद' झालेली नसतात. मार लागण्याआधी शिकलेलं बरंचसं शाबूत असतं. माझी लेक पाढे घडाघड म्हणायची, शिवाजी महाराजांच्या गडांची नावं सांगायची. पण सकाळी शिकवलेला नवीन धडा दुपारी विचारला तर कोरी. यातूनच सगळ्यात मोठा गैरसमज होतो: 'हिला सगळं येतं, ही नाटक करते.' बुद्ध्यांक चाचणीतही हे फसवं रूप दिसू शकतं. आमच्याकडे मराठी आणि कानडी मुलांसाठी बेतलेली बिने-कामत चाचणी बरीच वापरतात. तिच्यात लेकीचा आकडा चांगला आला आणि शाळा म्हणाली, मग अडचण काय? अडचण वेगाची, लक्ष टिकण्याची आणि नवीन साठवण्याची होती. ती कळायला न्यूरोसायकॉलॉजिकल तपासणी लागते. ती मोठ्या सरकारी रुग्णालयांत किंवा बंगळुरूच्या निम्हान्ससारख्या मेंदू आणि मनाच्या आजारांच्या मोठ्या संस्थेत होते. जिल्हा रुग्णालयातल्या डीईआयसी केंद्रात (मुलांच्या वाढीतल्या अडचणी तपासणारं केंद्र) १८ वर्षांपर्यंतच्या मुलांना बघतात, तिथे आधी विचारा.

वर्गात आम्हाला उपयोगी पडलेल्या गोष्टी साध्या होत्या. पुढचा बाक, पण दार आणि रस्त्याकडची खिडकी सोडून. गणितं १० ऐवजी ५, एकाआड एक. सोडवायची पद्धत कळली की झालं. तोंडी प्रश्न विचारायचा असेल तर आदल्या दिवशी सांगून ठेवायचा, 'उद्या तुला हा विचारणार आहे'. दप्तराच्या आत पुठ्ठ्यावर वेळापत्रक, आणि एक छोटी वही ज्यात प्रत्येक तासाच्या शेवटी बाई स्वतः एक ओळ लिहायच्या: काय झालं, उद्या काय आणायचं. ती वही म्हणजे तिची बाहेर काढून ठेवलेली आठवण होती. हरवली त्या दिवशी घरात सुतक असल्यासारखं वातावरण होतं, म्हणून नंतर रोज रात्री मोबाइलवर फोटो काढायला लागले.

एक गोष्ट बहुतेक शिक्षकांना पटत नाही, पण करून बघा. 'आठवत नाही? बघ, अंदाज कर!' असं म्हणू नका. आठवण कच्ची असली की मुलाने अंदाजाने सांगितलेलं चुकीचं उत्तरच पक्कं होऊन बसतं. आमच्याकडे सात-आठे चोपन्न असंच रुतून बसलं होतं. आधी बरोबर उत्तर सांगा, तिच्याकडून म्हणवून घ्या, पाच मिनिटांनी पुन्हा, मधल्या सुट्टीनंतर पुन्हा. थोड्या थोड्या अंतराने, चुकू न देता.

स्नेहसंमेलन, लेझीम, गणपतीची मिरवणूक असले दिवस आधी कळवत जा. ढोल वाजायला लागला की माझी लेक कान झाकून खाली बसायची. तिला घरी ठेवायचं की लांबच्या खोलीत बसवायचं, हे तिला विचारून ठरवलं की भांडण होत नाही.

८. 'उद्धट झालीय'

कपाळामागच्या भागाला मार असेल तर मनात आलेलं तोंडात यायला मध्ये फाटकच राहत नाही. माझी अबोल पोर एका बाईंना भर वर्गात म्हणाली, "तुमची साडी आज उलटी नेसलीय." खरं होतं, तेच वाईट. नको तिथे हसणं, क्षुल्लक कारणाने वही फाडणं, आणि पाच मिनिटांनी काही झालंच नाही असं वागणं हेही असतं. फिटच्या काही गोळ्यांनी, विशेषतः लेव्हेटिरासिटामने, चिडचिड वाढू शकते. वागणं गोळी सुरू झाल्यावर बदललं असेल तर तारखा लिहून डॉक्टरांना दाखवा. गोळी आपल्या मनाने बंद करू नका.

शाळेने काय करावं? शिक्षेचा उपयोग नाही, कारण शिक्षा कशाबद्दल झाली हेच दुपारी आठवत नाही. त्यापेक्षा भडका उडायच्या आधीची खूण ओळखा. आमच्याकडे ती पायाचा अंगठा जमिनीवर घासायची. ते दिसलं की बाई तिला ऑफिसात खडू आणायला पाठवायच्या. खडू लागत नव्हते. आमच्या वर्गात खडूंचा डबा कायम भरलेला असायचा.

९. शाळेत फिट आली तर

हे पानाच्या मागे लिहून द्याच. घड्याळ बघा. मुलाला कुशीवर वळवा, डोक्याखाली मऊ काही ठेवा, गळ्याशी आवळलेलं सैल करा, आसपासची बाकं हलवा. हातपाय दाबून धरू नका. तोंडात चमचा, बोट, पाणी काहीही घालू नका. कांदा किंवा चप्पल हुंगवू नका. त्याने फिट थांबत नाही आणि वर्गासमोर मुलाची अब्रू जाते. पाच मिनिटांत थांबली नाही, किंवा एकीपाठोपाठ दुसरी आली, तर १०८ ला फोन. डॉक्टरांनी फिट थांबवायला नाकात मारायचा मिडाझोलामचा स्प्रे दिला असेल तर तो कुठे ठेवलाय आणि कोण देणार, हे आधी लेखी ठरवा. कुलूपबंद कपाटातला स्प्रे आणि रजेवर गेलेल्या बाईंकडची किल्ली, हेही आम्ही भोगलंय.

१०. प्रमाणपत्र आणि परीक्षा

अमेरिकेत १९९० पासून विशेष शिक्षणाच्या कायद्यात 'ट्रॉमॅटिक ब्रेन इन्ज्युरी' हा वेगळा गट आहे. आपल्या दिव्यांग हक्क कायदा २०१६ मध्ये २१ प्रकार आहेत, त्यात या नावाचा नाही. त्यामुळे दिव्यांग प्रमाणपत्राच्या खिडकीवर 'डोक्याला मार लागलाय' एवढंच म्हटलं तर परत पाठवतात. प्रमाणपत्र मारामुळे मागे काय राहिलं त्यावर मिळतं: हातापायाची कमजोरी, वाचा, दृष्टी, बौद्धिक किंवा मानसिक अडचण. प्रत्येक अडचणीचा त्या त्या तज्ज्ञाचा कागद घेऊन जा. आम्हाला अपघातानंतर सहा महिने थांबायला सांगितलं होतं, कारण तब्येत स्थिर झाल्याशिवाय टक्केवारीला अर्थ नसतो.

अर्ज स्वावलंबन पोर्टलवर भरायचा, मग सिव्हिलला तपासणी, मग यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं ओळखपत्र. लागणारं सगळं एका पिशवीत ठेवा:

- आधार कार्ड, पत्त्याचा पुरावा, पासपोर्ट फोटो
- डिस्चार्ज कार्ड, सीटी-एमआरआयचे रिपोर्ट, ऑपरेशनचा कागद
- मानसशास्त्रीय तपासणीचा रिपोर्ट
- शाळेचा बोनाफाइड आणि वर्गशिक्षिकेचं अडचणींबद्दलचं पत्र
- अपघात असेल तर एफआयआरची प्रत

शेवटचा कागद मोटार अपघात दाव्यासाठीही लागतो. पहिली ते बारावीच्या विद्यार्थ्यांसाठी राज्याची राजीव गांधी विद्यार्थी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनाही आहे. प्रस्ताव शाळेमार्फत जातो, मुख्याध्यापकांकडे विषय काढा. आमच्याकडे कोणी काढला नाही, मलाही माहीत नव्हतं.

प्रमाणपत्रावर दिव्यांगत्व ४० टक्के किंवा जास्त आलं तर दारं सहज उघडतात. लेकीचं ४२ आलं. कायद्याच्या कलम १७ मध्ये परीक्षेत जादा वेळ, लेखनिक आणि दुसऱ्या-तिसऱ्या भाषेतून सूट यांचा उल्लेख आहे. दहावीला तासाला २० मिनिटं जादा, म्हणजे तीन तासांच्या पेपरला एक तास. लेखनिक एक इयत्ता खालचा लागतो. प्रस्ताव शाळेमार्फत विभागीय मंडळाकडे जातो. आमचा सातारा जिल्हा कोल्हापूर विभागात येतो. नववीची परीक्षा झाली की कामाला लागा, हॉल तिकीट यायची वाट बघू नका. आणि लेखनिक घेणार असाल तर सहामाहीपासून सराव हवा. दुसऱ्याला सांगून लिहवून घेणं ही वेगळीच कसरत आहे, आमच्या पहिल्या प्रयत्नात दोघी रडल्या. शेवटी लेकीने लेखनिक सोडला आणि जादा वेळ घेतला.

४० पेक्षा कमी आलं तरी हात टेकू नका. लेखनाचा विकार असलेल्या विकास कुमार यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२१ मध्ये सांगितलं, की लेखनिकाची सोय ४० टक्क्यांच्या अटीला बांधता येणार नाही. त्यानंतर केंद्राने १० ऑगस्ट २०२२ ला ४० टक्क्यांखालच्या, पण लिहिण्यात अडचण असलेल्या परीक्षार्थींसाठी सूचना काढल्या. त्यातलं प्रमाणपत्र सरकारी वैद्यकीय अधिकाऱ्यांच्या समितीकडून घ्यायचं असतं. याची प्रत अर्जाला जोडली की समोरचा माणूस निदान साहेबांना विचारायला आत तरी जातो.

घटक चाचणी आणि सहामाहीसाठी बोर्डाची वाट बघायची गरज नाही. वेगळी खोली, मधे दहा मिनिटं विश्रांती, एका दिवशी एकच पेपर, हे शाळा स्वतःच ठरवू शकते.

११. मैत्रिणी

पहिला महिना सगळ्या भेटायला येतात. तिसऱ्या महिन्यात दोघी उरतात. 'स्क्रू ढिला' हे नाव आमच्याकडे पडलंच. बाईंनी लेकीला विचारून, तिची तयारी असल्यावरच, वर्गात एक तास त्यावर बोलायला दिला. मी भाषण तयार करून नेलं होतं. तिने ते बाजूला ठेवून सांगितलं, "मला उत्तर येतं, पण एसटीसारखं येतं. येणार हे नक्की, कधी ते नक्की नाही." वर्ग हसला, तीही हसली. सगळं थांबलं नाही, पण मधल्या सुट्टीत डबा एकटीने खायचं थांबलं.

१२. जून आला की पुन्हा पहिल्यापासून

नवीन इयत्ता, नवीन बाई, कोणालाच काही माहीत नसतं. जुन्या आणि नव्या वर्गशिक्षिकांची एप्रिलमध्येच दहा मिनिटांची भेट घडवून आणा.

आणि हेही मनात असू द्या: काही अडचणी उशिराच वर येतात. सातवी-आठवीत लेक सावरल्यासारखी वाटली. नववीत बीजगणित, प्रकल्प, दोन पानी निबंध आले आणि गाडी अडली. नवीन काही बिघडलं नव्हतं. आखणी करणं, एक धरून दुसरं जोडणं हे काम मेंदूकडून आता पहिल्यांदा मागितलं जात होतं आणि नेमका तोच भाग दुखावलेला होता. त्यामुळे 'आता बरी आहे' म्हणून फाइल माळ्यावर टाकू नका. लहान वयात, बालवाडीत वगैरे मार लागलेल्या मुलांच्या पालकांनी तर मुळीच नाही. पाचवीत अडचण आली तर तिचा संबंध त्या जुन्या पडण्याशी असू शकतो हे कोणाच्या डोक्यातही येत नाही.

पान दरवर्षी नवं लिहा. जुन्यातल्या काही ओळी गळतात, काही वाढतात. यंदा अकरावीला लेकीने ते स्वतः लिहिलं. टपलीची ओळ तशीच ठेवलीय, फिटची काढलीय, कारण दोन वर्षांत आली नाही. माझ्या नंबराच्या वर तिने एक नवी ओळ घातलीय: "आईला फोन करण्याआधी मला विचारा."